सीमेला आडवं चालायचं

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर चालायला जायचंय असं कोणी म्हटलं की लगेच एकच नाव पुढे येतं, ऑफाज डाइक पाथ. १७७ मैलांची वाट आहे, म्हणजे साधारण २८५ किलोमीटर. दक्षिणेला चेपस्टोजवळ सेव्हर्नच्या खाडीवर सेडबरीचे कडे आहेत तिथून निघायचं आणि उत्तरेला प्रेस्टॅटिनच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन थांबायचं. बहुतेक लोक बारा-चौदा दिवस घेतात आणि पूर्ण करून आलेल्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरंच बघण्यासारखा असतो. मला ही वाट मनापासून आवडते हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल मी तिला नावं ठेवतेय, तसं अजिबात नाहीये. पण या भागात जमेल तेव्हा जाऊन, कधी लांबच्या कधी छोट्या वाटा चालून माझं असं मत झालंय की सीमेच्या लांबीने चाललं की सीमा कळते, आणि तिथला मुलूख कळायचा असेल तर सीमेला आडवं चालायला लागतं. आडव्या वाटांना फार कमी लोक जातात, याचं मला वाईट वाटतं म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी वाटेच्या नावातला डाइक, म्हणजे बांध, काय आहे ते सांगते. आठव्या शतकात आजच्या इंग्लंडच्या मधल्या भागात मर्सिया नावाचं राज्य होतं, तिथला राजा ऑफा, कारकीर्द ७५७ ते ७९६. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी राजा आल्फ्रेडच्या पदरी असलेल्या असर नावाच्या वेल्श धर्मगुरूने लिहून ठेवलंय की ऑफाने वेल्स आणि मर्सियाच्या मधे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत मोठा बांध घालून घेतला. दगडी भिंत वगैरे काही नाही, माती. पश्चिमेच्या अंगाला, वेल्सच्या बाजूला, चर खणायचा आणि निघालेली माती पूर्वेला रचत जायचं, चर आणि बांध मिळून रुंदी काही जागी वीस मीटरपर्यंत जाते. बाराशे वर्षं त्याच्यावर पाऊस पडतोय, मेंढ्या चरतायत, ससे आणि बॅजर बिळं करतायत, कुठे शेतकऱ्याने नांगर फिरवलाय कुठे त्याच्या पोटातून रस्ता गेलाय, तरी नाइटनच्या उत्तरेला क्लनच्या डोंगरात तो अजून असा उभा आहे की चरात उतरलं की पलीकडचं काही दिसत नाही. तो नक्की कशाला बांधला, लढाईसाठी, गुरं पळवणाऱ्यांना अडवायला, व्यापारावर लक्ष ठेवायला की नुसता दरारा बसवायला, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सर सिरिल फॉक्स या पुरातत्त्वज्ञाने १९२०च्या दशकात तो पायी फिरून नीट मोजायला घेतला आणि तेव्हापासून वाद चालूच आहे. एवढा जुना असून तो पूर्ण सुरक्षित आहे असंही नाही, २०१३ मध्ये चर्कजवळचा एक तुकडा कोणीतरी यंत्र लावून सपाट केला होता. ती बातमी वाचली तेव्हा मला दिवसभर कामात लक्ष लागलं नव्हतं.

आता गंमत अशी की आजची सीमा त्या बांधावरून जातच नाही. इंग्लंड-वेल्सची आजची हद्द मुख्यतः आठव्या हेन्रीच्या काळातल्या, १५३५ आणि १५४२ च्या कायद्यांनी आखली गेली. त्याआधी काही शतकं हा सगळा पट्टा मार्चर लॉर्ड म्हणवणाऱ्या सरदारांच्या ताब्यात होता, त्यांचे स्वतःचे कोर्ट, स्वतःचे नियम. कायद्याने ती संस्थानं मोडली, त्यांचे जिल्हे केले, काही वेल्सला गेले काही इंग्लंडला, आणि बांध मधेच कुठेतरी राहून गेला. बांध आणि सीमा एकाच रेषेत चालतायत असं माँटगमरीजवळ जेमतेम दोन मैल होतं. किंग्टन गाव बांधाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे ऑफाच्या हिशोबाने वेल्सकडचं, पण ते इंग्लंडमध्ये आहे. नाइटन गाव वेल्समध्ये आणि त्याचं रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये, ट्रेनमधून उतरलं की इंग्लंड, टीम नदीचा छोटासा पूल ओलांडला की वेल्स. लांबची वाट तर स्वतःच वीसपेक्षा जास्त वेळा सीमा ओलांडते आणि प्रत्यक्ष बांधाच्या सोबतीने ती अर्ध्याहूनही कमी अंतर चालते. हे सगळं समजल्यावर पहिल्यांदा मला वाटलं होतं की मग या वाटेला अर्थ काय उरला, पण नंतर लक्षात आलं की अशा गुंत्यातच खरी मजा आहे.

ही वाट अधिकृतपणे सुरू झाली १० जुलै १९७१ ला, नाइटनमध्ये, आणि उद्घाटन केलं लॉर्ड हंट यांनी. हे हंट म्हणजे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट, ज्यांच्या मोहिमेतून तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले. त्यांनी सरदारकी घेताना नाव लावलं ते नाइटनजवळच्या लॅनव्हेअर वॉटरडाइन या गावाचं. ते गाव टीम नदीच्या काठी इंग्लंडच्या बाजूला आहे आणि नाव वाचूनच कळतं की अर्धं वेल्श अर्धं इंग्लिश आहे. जगातलं सगळ्यात उंच टोक बघितलेला माणूस या मऊ, बुटक्या टेकड्यांवर एवढा जीव लावतो ही गोष्ट मला फार आवडते. आणि त्यांच्याइतकंच श्रेय नाइटनचे शिक्षक फ्रँक नोबल यांना द्यायला पाहिजे. त्यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये ऑफाज डाइक असोसिएशन सुरू झाली, वाटेचा पाठपुरावा झाला, आणि आजही तिचं काम नाइटनमधूनच चालतं.

लांबीने चालण्यातला सगळ्यात मोठा दिवस माझ्या मते हॅटरॉल रिजचा. पँडीपासून हे-ऑन-वायपर्यंत सतरा मैलांच्या वर अंतर आहे, आणि मधला बराचसा भाग ब्लॅक माउंटन्सच्या कण्यावरून जातो, उंची सातशे मीटरच्या आसपास. आपल्याला सह्याद्री माहीत असल्यामुळे सातशे मीटर ऐकून काही वाटत नाही, पण तिथे वर एक झाड नाही, आडोसा नाही, गाव नाही, पाणी नाही. खाली पीट म्हणजे काळी भुसभुशीत ओलसर माती, लोकांच्या पायांनी ती खचायला लागली म्हणून काही ठिकाणी मोठ्या फरश्या टाकल्यात. सीमा अगदी या कण्यावरूनच जाते, त्यामुळे चालताना डाव्या हाताला वेल्स, उजव्या हाताला इंग्लंड. डावीकडे खोल अरुंद दरी, तिच्यात लँथनीच्या मठाचे बाराव्या शतकातल्या कमानींचे अवशेष, उजवीकडे हेरेफर्डशरची लालसर मातीची शेतं, सफरचंदाच्या बागा, हिरव्या कुंपणांनी केलेले चौकोन, नजर जाईल तिथपर्यंत. मी गेले तेव्हा पश्चिमेचा वारा असा होता की मैत्रीण बाजूने चालत असूनही तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आम्ही काही तास जवळजवळ न बोलता चाललो, समोर रानटी पोनी होते, ते आमच्याकडे पाठ करून वाऱ्याला पाठ देऊन उभे. त्या दिवशी मला सीमा म्हणजे काय हे कळलं, पाणी इकडे वाहतं की तिकडे, ढग इकडे रिकामे होतात की तिकडे. पण त्याच दिवशी संध्याकाळी हे-ऑन-वायमध्ये उतरल्यावर जाणवलं की दिवसभरात आम्ही एकाही स्थानिक माणसाशी बोललो नाही. जे भेटले ते आमच्यासारखेच, पाठीवर सॅक, हातात मॅप, दक्षिणेकडून उत्तरेकडे किंवा उत्तरेकडून दक्षिणेकडे.

लांबच्या वाटेचं हेच होतं. ती रेषा पकडून ठेवते. उद्याचा मुक्काम बुक असतो, सॅक पुढच्या गावाला गाडीने गेलेली असते, पायाला फोड आलेले असतात आणि डोक्यात मैलांचा हिशोब चालू असतो. नाइटनच्या उत्तरेचा चढ-उताराचा टप्पा तर सगळ्यात दमवणारा, एक दरी उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा तेवढंच चढा, असं दिवसभर. बांध सरळ जातो, डोंगराचं काही ऐकत नाही, आणि आपणही त्याच्यामागे. तिथेच लॅनफेअर हिलवर बांध सगळ्यात उंचावर पोचतो, ४३० मीटर, आणि तिथून जे दिसतं ते बघून थकवा जातो हे खरंय, तरी थांबायला कोणाला वेळ नसतो.

आडव्या वाटांची ओळख मला झाली ती मॅपमुळे. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर मॅप, २०१ नंबरचा, नाइटन आणि प्रेस्टीनचा, तो मी पलंगावर पसरून बसले होते. त्यात सीमेची रेघ इतकी बारीक काळी तुटक आहे की शोधायला लागते, आणि पायवाटांच्या हिरव्या तुटक रेघा मात्र ठळक, आणि त्या ढिगाने सीमेला काटून इकडून तिकडे जातात. शेतातून चर्चकडे, चर्चकडून गिरणीकडे, डोंगरावरच्या कुरणाकडून खालच्या बाजाराकडे. म्हणजे माणसांनी हजार वर्षं ज्या दिशेने जा-ये केली ती दिशा पूर्व-पश्चिम आहे. दोन शेतांमधला बांध कितीही भांडणाचा असो, त्याला पायवाट पडलेली असतेच, कारण पलीकडे कोणाची तरी विहीर असते नाहीतर सोयरीक, इथेही तसंच दिसलं.

या आडव्या वाटांमधला राजा म्हणजे केरी रिजवे. साधारण पंधरा मैल, डॉल्फोरजवळच्या सायडर हाउस नावाच्या जागेपासून श्रॉपशरमधल्या बिशप्स कॅसल गावापर्यंत, जवळजवळ पूर्ण वेळ तीनशे मीटरच्या वर राहणारी डोंगरमाथ्याची वाट, आणि काही अंतर तर सीमाच तिच्या आधाराने जाते. ही ड्रोव्हर लोकांची वाट. ड्रोव्हर म्हणजे वेल्सच्या डोंगरातली गुरं हाकत इंग्लंडच्या बाजारांपर्यंत नेणारे लोक, रेल्वे येईपर्यंत शेकडो वर्षं हा धंदा चालला. काळी वेल्श गुरं, मेंढ्या, पाळीव हंस. एवढं अंतर कडक रस्त्यावर चालायचं म्हणून बैलांना नाल ठोकायचे, आणि गाय-बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने एका पायाला दोन पत्रे, म्हणजे एका जनावराला आठ. हंसांना नाल ठोकता येत नाहीत, म्हणून त्यांना पातळ डांबरातून आणि मग वाळूतून चालवायचे, पायाला तळवा तयार व्हायचा. टोल भरायला लागू नये म्हणून हे लोक खालचे रस्ते टाळून डोंगरमाथ्यावरून जायचे, त्यामुळेच या वाटा आज इतक्या उघड्या आणि देखण्या आहेत. ज्या शेतावर रात्रीची सोय होते तिथे लांबून दिसावं म्हणून पाइनची झाडं लावायचे असंही म्हणतात. आणि गुरं विकून आलेला पैसा घरी न्यायचा हा मोठा प्रश्न असल्याने या व्यापारातूनच बँका उभ्या राहिल्या, लँडव्हरी गावात १७९९ मध्ये निघालेल्या एका बँकेच्या नोटेवर चक्क काळा बैल होता, नंतर ती लॉइड्समध्ये विलीन झाली.

केरी रिजवे आणि ऑफाज डाइक पाथ एका जागी एकमेकांना काटतात. मी तिथे बराच वेळ बसले होते. खरं सांगायचं तर बघायला तिथे फार काही नाही, गेट आहे, पाट्या आहेत, गवत आहे. पण मला वाटतं त्या अख्ख्या मुलुखात याच्याइतकी महत्त्वाची जागा नसेल. एक राजा म्हणतो इथून पुढे तुमचं, इकडे आमचं, आणि त्याच्या बांधाला भोक पाडून कोणीतरी गुरं घेऊन जातोय, वर्षाला हजारो खूर, सीमेच्या दोन्ही बाजूंना पोट त्याच्यावर. पहिली गोष्ट जपून ठेवायला नॅशनल ट्रेलची, म्हणजे सरकारमान्य लांबच्या वाटेची, एकोर्नची (ओकच्या फळाची) खूण असलेली पाटी आहे, माहिती केंद्र आहे, तिच्यासाठी लोक जगभरातून येतात. दुसरीच्या नशिबात स्थानिक लोक आणि थोडे सायकलवाले. त्या दिवशी तासाभरात ट्रेलवरून बरेच जण गेले, रिजवेवर कोणीच दिसलं नाही.

याच डोंगरात थोडं बाजूला कँटलिन स्टोन म्हणून एक दगड आहे. १६९१ मध्ये एक फेरीवाला इथे वाटेतच मेला. त्याला कोणी पुरायचं हा प्रश्न आला, कारण जागा नक्की कुठल्या गावच्या हद्दीत हेच ठरलेलं नव्हतं, आणि पुरायचा खर्च कोणाला नको होता. शेवटी बेटूस-ई-क्रून या गावाने त्याला आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली. पुढे एकोणिसाव्या शतकात या माळाच्या वाटणीचा वाद उभा राहिला तेव्हा त्या गावाने हाच पुरावा मांडला की बघा, माणूस आम्ही पुरला म्हणजे जमीन आमची, आणि मोठा तुकडा त्यांना मिळाला. त्या गावाचं नाव पूर्ण वेल्श आहे आणि गाव इंग्लंडमध्ये आहे. उलट सीमेपलीकडे वेल्समधल्या रॅडनॉरशरमध्ये वेल्श भाषा फार आधीच मागे पडली आणि लोक इंग्लिशच बोलतात. हे असलं काही लांबच्या ट्रेलच्या गाइडमध्ये दोन ओळींत येतं, पण दगडापाशी उभं राहून आजूबाजूचा ओसाड माळ बघितला की त्या एका दफनाची किंमत अंगावर येते.

छोट्या गोल वाटा तर मला आता जास्तच आवडायला लागल्यात. वाय नदीच्या खोऱ्याच्या पश्चिमेला मॉनमथशरमध्ये थ्री कॅसल्स वॉक आहे, एकोणीस मैलांची गोल वाट, स्केनफ्रिथ, ग्रॉसमाँट आणि व्हाइट कॅसल असे तीन किल्ले जोडणारी. वेल्सकडून येणाऱ्यांना रोखायला नॉर्मन सरदारांनी हे त्रिकूट बांधलं आणि तिघांची मालकी बराच काळ एकाच हातात होती. व्हाइट कॅसलच्या खंदकाला अजून पाणी आहे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस जवळच्या अ‍ॅबरगॅव्हनीला कैदेत होता तेव्हा त्याला पहाऱ्यात इथे फिरायला आणायचे. पण मला आठवतात त्या किल्ल्यांमधल्या वाटा, गुडघ्यापर्यंत गवत, ओढ्यावरची फळी, लाकडी पायऱ्यांवरून कुंपण ओलांडायचं, एका शेतातून दुसऱ्या शेतात, मधेच थेट कोणाच्या तरी अंगणातून.

हे अंगणातून जाणं सुरुवातीला मला फार अवघड वाटायचं. आपल्याला सवय नसते, कोणाच्या खाजगी शेतात असं बिनधास्त शिरायची. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये पब्लिक फुटपाथ म्हणून नोंद असलेल्या वाटेवर चालायचा हक्क सगळ्यांना आहे, जमीन कोणाचीही असो, शेतकऱ्याने पीक लावलं तरी वाट मोकळी ठेवायला लागते. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकलही. पण कितीतरी जुन्या वाटा त्या नकाशांवर चढल्याच नाहीत. २००० च्या कायद्याने ठरवलं होतं की जुन्या पुराव्यावर वाट नोंदवायची तर १ जानेवारी २०२६ पर्यंतच, नंतर हक्क गेला. मग गावोगावची रिटायर माणसं रेकॉर्ड ऑफिसात बसून जुने नकाशे, इनामांच्या नोंदी, रेल्वेचे प्लॅन चाळत बसली. वेल्सच्या सरकारने ही मुदत लावायची नाही असं ठरवलं, इंग्लंडने आधी ती २०३१ पर्यंत ढकलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्दच करणार असं जाहीर केलं. मधल्या काळात सीमेला काटणाऱ्या एकाच वाटेचं एक टोक सुरक्षित आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुदत टांगलेली अशी स्थिती होती. अशा आडव्या छोट्या वाटाच आधी हरवतात, मोठ्या ट्रेलला काही होत नाही, म्हणून मी इतकी पोटतिडकीने बोलतेय.

एकदा वसंतात, कोकरं जन्मायच्या दिवसात, मी किंग्टनच्या बाजूला एका छोट्या वाटेवर होते आणि वाट एका गोठ्याजवळून जात होती. म्हातारे शेतकरी फाटकात उभे होते, बाह्या वर, हात मळलेले. मी विचारलं की जाऊ का इथून, मेंढ्यांना त्रास होणार नाही ना. ते म्हणाले, "जा की बाई, वाट तुमचीच आहे, फक्त फाटक लावून घ्या." मग पाच मिनिटं बोलत राहिले. त्यांची काही शेतं इंग्लंडमध्ये, काही वेल्समध्ये. शेती हा विषय दोन्हीकडे वेगवेगळ्या सरकारांकडे असल्याने अनुदानाच्या योजना वेगळ्या, फॉर्म वेगळे, गुरांच्या टीबीचे नियम वेगळे. ते म्हणाले, "मेंढीला काही कळत नाही हो, ती गवत बघते, कागद मला भरायला लागतात." २००१ ची आठवण काढल्यावर मात्र ते गप्प झाले. त्या वर्षी लाळ्या-खुरकताची साथ आली, हेरेफर्डशर आणि पॉविस दोन्हीकडे कळपच्या कळप मारून जाळले गेले, देशभर पायवाटा बंद केल्या, ऑफाज डाइक पाथही बंद होता. शेतकऱ्यांचं तर गेलंच, पण चालणाऱ्यांवर जगणारे छोटे पब आणि घरगुती खोल्या भाड्याने देणारेही उघडे पडले. तेव्हा सगळ्यांना कळलं की शेतकरी आणि चालणारे एकमेकांवर किती अवलंबून आहेत, असं ते म्हणाले, आणि पुन्हा आत गेले कारण एक मेंढी अडली होती.

पुढे २०२० मध्ये कोविडच्या काळात तर ही सीमा पुन्हा खरीखुरी झाली. वेल्समध्ये घराजवळच राहायचा नियम, इंग्लंडमध्ये वेगळा नियम, २३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर वेल्सचं स्वतःचं लॉकडाउन. रोज कुत्रा घेऊन ज्या टेकडीवर जायचं तिचा अर्धा भाग परदेश झाला. आणि याच्या आधीचं उदाहरण लॅनिमनेक गावाचं. तिथे सीमा गावाच्या मधून जाते. १८८१ च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद झाले, आणि तिथल्या एका पबची इमारत दोन्ही देशांत होती, म्हणून रविवारी एका बारमध्ये ग्लास भरायचा आणि दुसऱ्याला कुलूप. त्याच गावच्या टेकडीवरच्या गोल्फ कोर्सचे १५ होल वेल्समध्ये आणि ३ इंग्लंडमध्ये आहेत, आणि ऑफाज डाइक पाथ त्याच्या कडेने जातो.

ग्लिनडूर्स वेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १३५ मैल, नाइटनपासून निघून पश्चिमेला माखन्लेथपर्यंत आत घुसून पुन्हा पूर्वेला वेल्शपूलला येते. २००० मध्ये तिला नॅशनल ट्रेलचा दर्जा मिळाला. ओवेन ग्लिनडूरने १४०० मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केलं आणि १४०४ मध्ये माखन्लेथला पार्लमेंट भरवलं, त्याच्या नावाची ही वाट. ही लांब असूनही आडवी आहे आणि म्हणूनच कदाचित तिच्यावर गर्दी नसते, दिवसभरात एखादा माणूस भेटला तर भेटला. नाइटनच्या दक्षिणेला पिलेथ म्हणून वाडीएवढं गाव आहे, तिथल्या ब्रिन ग्लास टेकडीवर २२ जून १४०२ ला ग्लिनडूरने इंग्लिश सैन्याचा पाडाव केला. टेकडीच्या उतारावर वेलिंगटोनियाची चार उंच झाडं आहेत, एकोणिसाव्या शतकात मेलेल्या सैनिकांच्या दफनाच्या जागेवर लावलेली. हरलेल्या सैन्याचा सेनापती एडमंड मॉर्टिमर, सीमेवरच्या सगळ्यात बलाढ्य इंग्लिश सरदार घराण्यातला. तो पकडला गेला, राजाने त्याला सोडवायला खंडणी भरली नाही, आणि मग मॉर्टिमरने ग्लिनडूरच्या मुलीशी, कॅट्रिनशी, लग्न केलं आणि त्याच्याच बाजूने लढला. लडलोपासून किंग्टनपर्यंत तीस मैलांची मॉर्टिमर ट्रेल याच घराण्याच्या नावाने आहे. म्हणजे एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांच्या नावाच्या दोन वाटा आज एकमेकींपासून दिवसभराच्या चालीवर सुरू होतात नि संपतात, आणि मधला जोड ऑफाज डाइक पाथचा तुकडाच देतो. मला तर हे तीन-चार दिवस सलग चालणं संपूर्ण ट्रेलपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांना मी किंग्टनहून हर्जेस्ट रिजवर जायला सांगते. चढ हळुवार, पायाखाली मऊ गवत, वर जुन्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा गोल अजून ओळखू येतो, आणि माथ्यावर अचानक मंकी पझलची काटेरी झाडं, कोणी हौसेने लावलेली. इंग्लंडमधून चढायचं आणि वेल्समध्ये ग्लॅडेस्ट्रीला उतरायचं. सीमा कुठे ओलांडली ते मला कधीही नक्की सांगता आलेलं नाही, मॅपवर बोट ठेवूनसुद्धा.

व्यवहाराचं थोडं. या भागात बस फार तुरळक, रविवारी बऱ्याच मार्गांवर नाहीच, नाइटनवरून जाणाऱ्या हार्ट ऑफ वेल्स लाइनवर दिवसाला मोजक्याच गाड्या, त्यामुळे परतीचं आधी ठरवून मग वाट निवडायची. फोनला रेंज जाते, कागदी मॅप जवळ ठेवा. मार्च ते मे कोकरांचे दिवस, कुत्रा असेल तर दोरीने बांधूनच. चिखल बाराही महिने. लहान वाटांवर गवत वाढून पाटी दिसत नाही, गेट मोडलेलं असतं, तसं असेल तर त्या भागाच्या कौन्सिलला कळवा, वेबसाइटवर फॉर्म असतो, भरायला काही मिनिटं लागतात. कळवलं की नोंद होते आणि त्या वाटेवर माणसं चालतात हे कागदावर येतं. मी प्रत्येक वेळी कळवते, इंग्लंडच्या बाजूचं इंग्लंडला, वेल्सच्या बाजूचं वेल्सला.

येत्या ऑक्टोबरमध्ये केरी रिजवे पूर्ण करायचा विचार आहे, ड्रोव्हर ज्या दिशेने जायचे त्याच दिशेने, सायडर हाउसपासून पूर्वेला, एक रात्र मधे कुठेतरी खाली उतरून मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बिशप्स कॅसल. मैत्रीण येणार आहे, आणखी दोघांना जागा आहे, चालायचा वेग मध्यम, थांबायचा वेळ भरपूर.